तेराव्या अध्यायापर्यंत

दवाखान्यात मशीनवरच्या माणसाने माझ्या धाकट्या बहिणीच्या कपाळावर जांभळ्या शाईने एक उभी रेघ काढली. घरी आल्यावर तिने ती साबण लावून, नारळाच्या शेंडीने घासून काढून टाकली. कपाळाची साल निघाली तरी थांबली नाही. मी मोरीच्या दारात उभी होते. मला आधी वाटलं, शाई खाजत असेल.

तिला वरच्या जबड्याचा कॅन्सर झाला होता. जन्मभर मशेरी लावली होती. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर, आणि राग आला की मधेच. आधी दाढ हलायला लागली, मग हिरडीला फोड आला, तो बसेना. तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायचं तर डोळ्यापर्यंत जावं लागेल, या वयात ते नको, शेक देऊ. रेडिएशनला तिथे सगळे पेशंट शेकच म्हणतात. तीस शेक, आठवड्यातून पाच दिवस. लगेच सुरू केलं तर बरं व्हायची आशा आहे, असं त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. नवरा वारल्यापासून ती घोटीला मुलाकडे राहायची. तिथून रोज येणं-जाणं जमणार नाही, म्हणून ती नाशिकला माझ्याकडे राहायला आली होती.

माझं घर चर्चच्या मागे, दोन खोल्यांचं. नवरा कधीच गेला. मी एकलहऱ्याला वीज केंद्राच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायचे, गुडघे गेल्यावर ते काम सोडलं. चौथीपर्यंत शिकले आहे. बहीण शाळेत गेलीच नाही. मी शाळेत जायचे तेव्हा घरी आजारी आईजवळ कुणीतरी लागायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे ती. हे ठरवून झालं नाही. मी थोरली होते, माझं नाव आधी घातलं गेलं, एवढंच.

"रेघ कशाला पुसलीस?" मी विचारलं.

"कपाळावर खूण घ्यायची नाय."

"अगं, शेक भलतीकडे लागू नये म्हणून काढतात ती. मान सरळ आहे का ते कळायला."

"आणि हाताला नंबर कशाला बांधला? तोपण उजव्या हाताला?" दवाखान्याचा कागदी पट्टा तिने आधीच कात्रीने कापून केराच्या डब्यात टाकला होता. "हाताला नंबर, कपाळाला खूण. आजून काय व्हायचं राहिलं? तेरावा अध्याय तूच वाचायला घेतला होता ना, आक्का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण. त्याच्या तेराव्या अध्यायात समुद्रातून एक श्वापद वर येतं, सात डोक्यांचं आणि दहा शिंगांचं. त्याच्या मागून दुसरं जमिनीतून येतं. ते लहानथोर सगळ्यांना उजव्या हातावर नाहीतर कपाळावर पहिल्या श्वापदाची खूण घ्यायला लावतं. ज्याच्यावर खूण नाही त्याला बाजारात काही विकता येत नाही की घेता येत नाही. त्या श्वापदाचा आकडा सहाशे सहासष्ट. आमच्या लोकांत हा आकडा शेंबड्या पोरालाही माहीत असतो. गाडीच्या नंबरात आला तर माणसं गाडी बदलून मागतात. आधार कार्डाच्या वेळी बोटांचे ठसे द्यायला किती तरी जणी घाबरल्या होत्या. माझी बहीण करोनाची लससुद्धा घेत नव्हती. सून मोबाइलवर कुणा हिंदी उपदेशकाचं बोलणं लावायची आणि ही भाकऱ्या थापता थापता ऐकायची.

मी म्हणाले, "आईच्या कपाळावर काय होतं? ढळढळीत हिरवं गोंदण होतं. दोन भुवयांच्या मधे. ती नरकात गेली का?"

"आईचा बाप्तिस्मा नंतर झाला. गोंदण आधीचं. तिला तवा ठाऊक नव्हतं. मला ठाऊक हाय."

मी तिला जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पुन्हा रेघ काढली. मशीनवरच्या माणसाने, रेघ गेल्यामुळे सगळं माप पुन्हा घ्यावं लागतं, हे तिला दोनदा समजावून सांगितलं. ती मान हलवत राहिली. घरी येताना रिक्षात पदराने चेहरा झाकून बसली. आमच्या शेजारची बाई ओट्यावर मिरच्या निवडत होती. तिचा नवरा रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगतो. पस्तीस वर्षांचा शेजार आहे. तिने रेघ पाहिली, काय झालं ते विचारलं आणि लगेच तोडगा सांगितला.

"त्यात काय एवढं? वरून कुंकू लावून टाका. कुणाला दिसायचं नाही."

बहीण तिच्याकडे बघतच राहिली. "मी रांडमुंड बाई, वर ख्रिस्ती. मी कुंकू लावू?"

"बरं, मग बुक्का लावा," शेजारीण म्हणाली आणि स्वतःच हसली. बहीणही हसली. त्या दिवसांत ती हसल्याचं मला फारसं आठवत नाही, म्हणून हे लिहिलं. तासाभराने तिने मोरीत जाऊन रेघ धुतली.

आता माझा भाग सांगते.

आमच्या चर्चमध्ये बायकांचं मंडळ आहे. दर शुक्रवारी दुपारी बसतो. वाचनाची रीत अशी, की एक अध्याय घ्यायचा आणि गोल बसून एकेकीने एकेक वचन वाचायचं. जिला वाचता येत नाही तिने ऐकायचं, तिची पाळी शेजारणीने घ्यायची. सगळ्यांच्या मांडीवर पुस्तक उघडं असतं. कुणी एक शब्द चुकली तरी चौघी जणी टोकतात. तेरावा अध्याय वाचला त्या वर्षी, म्हणजे पंधराएक वर्षांपूर्वी, मंडळाची पुढारी मी होते. कुठलं पुस्तक घ्यायचं ते मीच ठरवलं. तेव्हाचे जुने पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले होते, "बाई, शेवटचं पुस्तक राहू द्या. ते समजावून सांगायला माणूस लागतो." मी ऐकलं नाही. मला त्या पुस्तकातली चित्रं आवडायची. बायकांसारखे केस असलेले टोळ, सूर्य पांघरलेली बाई, तिच्या बाळाला गिळायला टपलेला अजगर. अग्नीचं सरोवर म्हटलं की मला वीज केंद्राचा बॉयलर दिसायचा. एकदा कॅन्टीनचा चहा घेऊन गेले असताना कुणीतरी त्याच्या भोकातून आत बघायला दिलं होतं, ते मी कधी विसरले नाही. वाचताना सगळ्या जणी माझ्याकडे डोळे लावून बसायच्या. चौथी शिकलेल्या बाईला असा मान दुसरीकडे कुठे मिळत नाही. मी आवाज बदलून बदलून वाचायचे. भीती घालायचे, खरं तर.

बहीण तेव्हा नाशिकलाच होती, नवऱ्याबरोबर. तीही दर शुक्रवारी यायची.

सातव्या अध्यायात देवाच्या दासांच्या कपाळांवर शिक्का मारतात. तो अध्याय आम्ही वाचला होता. पण त्यात पुढे बारा वंशांची यादी आहे, प्रत्येक वंशातले बारा हजार, बारा हजार. बारा वेळा तेच तेच. तिसऱ्या-चौथ्या वंशाला एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांना. शिक्का त्या हसण्यात वाहून गेला. तेराव्याला कुणी हसलं नाही. मी हसू दिलं नाही.

आणि तेराव्याच्या पुढे आम्ही गेलोच नाही. लग्नसराई आली, हॉल लग्नांना दिला. मे गेला. जूनमध्ये मंडळ पुन्हा बसलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, आता काहीतरी हलकं घेऊ, आणि आम्ही रूथची गोष्ट सुरू केली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी पुढचं घरी वाचलं असेल नसेल. माझ्या बहिणीच्या हातात जगाचा शेवट तेवढाच पडला. खूण, आकडा, आणि आम्ही सगळ्या जणी उठून चहा प्यायला गेलो.

चौदाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात कोकरा, म्हणजे ख्रिस्त, डोंगरावर उभा आहे, आणि त्याच्याबरोबरच्या लोकांच्या कपाळांवर त्याचं आणि बापाचं नाव लिहिलेलं आहे. हे तिला कुणी ऐकवलंच नव्हतं.

मी आधी आत्ताच्या पाळकांना घरी बोलावलं. ते तरुण आहेत, शिकलेले, बोलतातही चांगलं. त्यांनी तिला आकडे समजावले. सात म्हणजे पुरं. सहा म्हणजे पुऱ्याला एक कमी. सहा, सहा, सहा म्हणजे कितीही जोर केला तरी कमीच पडणार. बारा म्हणजे देवाची माणसं. बारा बारं एकशे चव्वेचाळीस, त्याला हजाराने गुणलं की एक लाख चव्वेचाळीस हजार, म्हणजे मोजून तेवढेच नव्हेत, तर सगळेच. श्वापदाला बेचाळीस महिने दिलेत, म्हणजे साडेतीन वर्षं, सातचा अर्धा. छळ होईल पण पुरता होणार नाही, मधेच मोडेल.

मला ते ऐकून वाटलं, इथे वणीची देवी अर्धं पीठ धरून साडेतीन पीठं मोजतात, मुहूर्तही साडेतीन, आणि ते शुभ. तोच आकडा आमच्या पुस्तकात छळाचा. पण हे मी बोलले नाही.

पाळक पुढे म्हणाले, जुन्या काळी अक्षरांनाच आकडे होते, म्हणून नावाची बेरीज करता यायची. सहाशे सहासष्ट ही त्या वेळच्या एका क्रूर राजाच्या नावाची बेरीज असावी, असं बरेच जण म्हणतात.

"मग सरळ नाव का नाय लिवलं?" बहिणीने विचारलं.

"उघड लिहिलं असतं तर विश्वासणाऱ्यांना पकडून मारलं असतं."

"म्हंजे त्यांनीपण एक लिवलं आणि दुसरं समजायचं ठेवलं."

"तसं नाही, बाई. ही चिन्हांची भाषा आहे."

"तीस म्हंजे काय मग?"

"कुठले तीस?"

"शेक."

मी म्हणाले, "तीस म्हणजे तीस."

ते प्रार्थना करून गेले. जाताना दारात मला म्हणाले, "त्यांना थोडा वेळ द्या." वेळच नव्हता, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान खाली घातली.

मग मी माझं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि तिला चौदावा अध्याय वाचून दाखवायला बसले. पहिली पाच वचनं वाचली. हळू, एकेक शब्द. ती भिंतीला टेकून, गाल हातात धरून ऐकत होती. पाचव्याला मी थांबले, कारण पुढे नवव्या वचनापासून पुन्हा श्वापदाच्या खुणेची शिक्षा येते, ते मला माहीत होतं. पुस्तक मिटलं.

"संपला?"

"एवढंच बघायचं होतं. चांगल्या माणसांच्या कपाळावरपण खूण असते. देवच देतो."

तिने गालाचा हात काढला. मग म्हणाली, "हे तू आत्ता बनवून वाचतीस, आक्का."

"पुस्तकात आहे! हे बघ, इथे बोट ठेव."

"माझ्या बोटाला काय कळतंय? तुझ्या मनात असलं ते तू वाचतीस. पत्र वाचलं होतं तसं."

पंचवीस वर्षं तिने त्या पत्राचं नाव काढलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती विसरली.

तिची थोरली मुलगी एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेली. दोन महिन्यांनी पत्र आलं. बहीण ते घेऊन धावत माझ्याकडे आली, हात पिठाचे होते. पत्रात मुलीने लिहिलं होतं की मला शोधू नका, मी परत येणार नाही, बाप दारू पिऊन मारत होता तेव्हा आई बघत उभी राहायची, मला आई नाही असंच मी धरते. मी ते मनात वाचलं, आणि मोठ्याने वाचलं की मी बरी आहे, कामाला लागले आहे, नाताळला येईन. का, ते विचारू नका. तिचा चेहरा समोर होता. बहिणीने त्या नाताळला मुलीच्या आवडीच्या करंज्या केल्या आणि डबा भरून ठेवला. पुढच्याही नाताळला केल्या. त्याच्या पुढच्याही. तोवर तिचा मुलगा पाचवीत गेला होता. त्याने पेटीतलं पत्र काढलं आणि आईला धडाधडा वाचून दाखवलं.

ती माझ्याकडे चालत आली. पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "परत वाच." मी जसं होतं तसं वाचलं. तिने पत्राची घडी केली आणि ती गेली. भांडली नाही. येणंजाणंही तोडलं नाही. पण त्या दिवसापासून तिने माझ्याकडून एक कागद वाचून घेतला नाही. रेशनचा कागद, औषधाची चिठ्ठी, काही नाही. लोकांकडून वाचून घ्यायची. मंडळात मात्र यायची, कारण तिथे सगळ्यांची पुस्तकं उघडी असायची. तेरावा अध्याय तिच्यासाठी खरा होता तो त्यामुळेच. तो पंधरा जणींनी मिळून वाचला होता. चौदावा मी एकटीने वाचला.

त्याच आठवड्यात ती घोटीला निघून गेली. मी भाजी आणायला गेले होते, तेवढ्यात पिशवी घेऊन स्टँडवर गेली. शेजारणीला सांगून गेली की आक्काला सांगा, जेवण झाकून ठेवलंय.

मी फोन करायचे. तिचा मुलगा तिथे भात गिरणीत कामाला आहे. म्हणायचा, "मावशी, आई ऐकत नाही. तेल लावते, प्रार्थना करते. बरी आहे म्हणते." सून म्हणायची, सूज थोडी वाढली आहे. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी तिचा डावा डोळा पुढे आला होता आणि तोंड पुरतं उघडत नव्हतं. मी रागाने म्हणाले, "मर मग इथे." ती म्हणाली, "मरंन. पण खूण घेऊन नाय मरायची." अडीच महिने असे गेले.

मग एका शुक्रवारी मंडळात मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पत्रासकट. लाज वाटली, पण न सांगता भागत नव्हतं. मी म्हणाले, ती माझ्या तोंडून ऐकणार नाही, तुमच्या ऐकेल. पुस्तकं घेऊन चला. आठ जणी तयार झाल्या. दुसऱ्याच दिवशी एक गाडी ठरवली आणि एकमेकींच्या मांडीवर बसून घोटीला गेलो. एकीला वाटेतच उलटी झाली.

बहिणीच्या घराला लागूनच गिरणी. भिंतींना कोंडा चिकटलेला, आणि मशीन चालू असलं की जमीन थरथरते. मुलाने मालकाला विनंती करून तासभर ती थांबवली. आम्ही गोल करून बसलो. बहीण उशीला टेकून बसली होती, अर्धा चेहरा फडक्याने झाकलेला.

"आक्का, तू वाचायचं नाय," ती म्हणाली. बोलणं आता जड झालं होतं. "तू नुसती बस."

मी पुस्तक खाली ठेवलं.

चौदावा अध्याय सुरू झाला. डोंगर, कोकरा, कपाळांवरचं नाव. पहिलं वचन होताच बहिणीने हात वर केला. "तू वाच तेच," तिने दुसरीला सांगितलं. मग तिसरीला. तिघींनी तेच वाचलं. मग तिने मान हलवली, पुढे चला.

नववं वचन मंडळात गाणी सांगते त्या आमच्या गाणारीच्या वाट्याला आलं. ती दोन शब्द वाचून थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या नकळत मी डोळ्यांनीच तिला थांब म्हणाले. तिने पुस्तक मिटायला घेतलं.

"तिच्याकडं काय बघतीस?" बहीण म्हणाली. "काय हाय ते वाच. समदं वाच."

गाणारीने वाचलं. श्वापदाची खूण घेणाऱ्याला देवाच्या रागाचा प्याला प्यावा लागेल, आग आणि गंधक, त्यांच्या पीडेचा धूर युगानुयुग वर जात राहील. तिचा आवाज बसला. पुढची तर रडायलाच लागली. मला वाटलं, संपलं, गाडी भरून आणली ती हिला मारायलाच. बहीण मात्र डोळे मिटून ऐकत होती. एकदाही तिने थांबवलं नाही.

शेवटी देवदूत विळा घेऊन येतो आणि पृथ्वीच्या द्राक्षवेलीचे घड कापून रागाच्या कुंडात टाकतो. आमच्यातली एक बाई वीस वर्षं दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला जायची. वाचता वाचता ती अडली. म्हणाली, "द्राक्षाला विळा कोण लावतं गं? कात्री लागती. मण्याला मार बसंल, माल रिजेक्ट."

"तो देवदूत आहे, एक्स्पोर्टचा माल नाही तो," दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. बहिणीच्या तोंडातून हसू नीट निघत नव्हतं, पण खांदे हलले. मग तिने फडक्याने तोंड पुसलं.

"म्हंजे खुणा दोन हायेत," ती म्हणाली.

"दोन," गाणारी म्हणाली.

"मग दवाखान्याची कुणाची?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "मला बोलायचं नाही असं ठरलंय."

"आता बोल."

"कुणाचीच नाही. ती मार्करची आहे."

द्राक्षवाली तिच्याजवळ सरकली. "तू त्या मशीनच्या पाया पडलीस का? देव मानलंस त्याला?"

"छ्या. निजायला लावत्यात नुसतं."

"मग झालं तर."

बाहेर गिरणीचा मालक खाकरला, त्याचा तास संपत आला होता. मग बहीण मुलाला म्हणाली, "सोमवारी न्या मला."

मंडळातल्या बायका परतीच्या गाडीत गाणी म्हणत आल्या. एकीने म्हटलं, ही मोठी साक्ष झाली, देवाने काय केलं ते रविवारी तुम्ही चर्चमध्ये उभं राहून सांगा. मी नाही म्हणाले. साक्ष कशाची द्यायची? अडीच महिन्यांची?

सोमवारी डॉक्टरांनी तिला तपासलं. नवीन फोटो काढले. मग तिला बाहेर बाकावर बसवून मला आणि मुलाला आत बोलावलं. आजार डोळ्याच्या मागे गेला होता, मानेतही उतरला होता. आता तीस शेक देऊन उपयोग नव्हता. दहा देऊ, म्हणाले. त्याने दुखणं कमी होईल, रक्त थांबेल. त्याच्या पलीकडे काही नाही. डॉक्टर रागावले नाहीत. आधी का आला नाहीत, असं विचारलंही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर पडताना मुलाने माझा हात धरला. "मावशी, आईला सांगू नका. दहाच लागणार म्हणजे आजार उतरलाय, असं सांगा. ती खूश होईल. तुम्ही म्हणालात तर तिला पटेल आता."

पाचवीत असताना पत्र वाचणारा तो हाच.

बहीण बाकावर बसली होती. कपाळावर नवी रेघ, हाताला नवा पट्टा. मुलाच्या हातातला कागद तिने घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"वाच."

पंचवीस वर्षांनी तिने माझ्यापुढे कागद धरला होता. कागद इंग्रजीत होता. मला त्यातला दहाचा आकडा सोडून काही येत नव्हतं.

"मला इंग्रजी येत नाही," मी म्हणाले. "डॉक्टर बोलले ते सांगते."

"सांग."

"आजार पुढे गेलाय. बरा व्हायचा नाही. दहा शेक देणार, ते दुखणं कमी व्हायला."

मुलगा म्हणाला, "मावशी!" आणि तोंड फिरवून जिन्याकडे गेला.

बहिणीने कागदाची घडी घातली. "आधी आले असते तर?"

"तर तीस दिले असते."

"वाचले असते?"

"कदाचित. नक्की कुणी सांगितलं नाही."

"हं," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "चौदावा तू वाचलास तवा खराच वाचला होता ना?"

"पाचव्या वचनापर्यंत. पुढचं मी लपवलं."

"ते मला कळलं होतं. तू पुस्तक लवकर मिटलंस." तिचा नंबर पुकारला. ती उठली, चपला बाकाखाली सारल्या आणि आत गेली.

मुलगा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी रिक्षात ती आमच्या दोघांच्या मधे बसली होती. मधेच मला म्हणाली, "कब्रस्तानात माझ्या मालकाच्या बाजूला जागा हाय का, ते पाळकांना इचारून ये. आणि काय म्हणतील ते जसंच्या तसं येऊन सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारून आले. त्याच्या बाजूला जागा नव्हती. दोन्हीकडे माणसं पुरली होती. रिकामी जागा होती ती मागच्या भिंतीजवळ, नाल्याकडे. तिने चहाची बशी खाली ठेवली, आणि मी तिला तसं सांगितलं.